कोष्ठशुद्धी : विधी आणि निषेध

इंदूरकरांचे पोट हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. सकाळी पोहे-जिलेबी, सायंकाळी छप्पन दुकानांवरची फेरी आणि दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार करणाऱ्या सराफ्यात मध्यरात्र उलटेपर्यंत चालणारी खाद्ययात्रा, असा ज्या नगरीचा क्रम, तेथे पोट उतरविण्याचा धंदा बरकतीस यावा यात नवल नाही. अलीकडे या धंद्याने एक नवे वळण घेतले आहे. वर्तमानपत्राच्या घडीतून पडणाऱ्या पत्रकांवर आणि हातातल्या फोनवर एकच उपदेश वारंवार दिसतो : आतड्यांत वर्षानुवर्षे साचलेला मळ धुऊन काढा, म्हणजे पोट आपोआप सपाट होईल. कोणी यंत्राने मोठ्या आतड्यात पाणी सोडतो, कोणी चूर्णाच्या पुड्या देतो, कोणी पहाटे मिठाचे पाणी पाजतो. आणि तिघेही आपल्या दुकानाच्या पाटीवर आयुर्वेद व योग यांची नावे लावतात.

प्रश्न दोन आहेत. हे निर्धोक आहे काय, आणि याने पोट खरोखर उतरते काय? आम्ही वैद्य नव्हे. परंतु ज्या ग्रंथांचा हवाला दिला जातो ते ग्रंथ उघडून पाहण्यास वैद्यकीची सनद लागत नाही. आणि वकिलीच्या धंद्याने आम्हांस एक सवय लावली आहे. कोणी एखादे कलम पुढे केले की त्याखालचा अपवाद कोठे आहे हे आमचा हात आधी शोधू लागतो.

चरकसंहितेच्या आठ स्थानांपैकी शेवटचे ते सिद्धिस्थान. त्याचे बारा अध्याय मुख्यतः शोधनकर्मांस, म्हणजे वमन, विरेचन, बस्ति व नस्य यांस वाहिलेले आहेत. गुदमार्गे औषधी काढा किंवा तेल आत सोडणे याला बस्ति म्हणतात. काढ्याच्या बस्तीला आस्थापन किंवा निरूह असे नाव आहे, तेलाच्या बस्तीला अनुवासन. वातरोगांत बस्तीसारखा दुसरा उपाय नाही, कित्येकांच्या मते तर ती एकटीच अर्धी चिकित्सा होय, अशी तिची थोरवी त्या ग्रंथात गायिली आहे. जाहिरातवाल्यांचे वाचन बहुधा येथे संपते.

आता पुढे काय आहे ते पाहू. बस्तीची नळी सोन्यारुप्यासारख्या धातूची, शिंगाची किंवा वेळूची असावी, तिचे टोक गुळगुळीत असावे, तिला जनावराच्या मूत्राशयाची पिशवी बांधावी, इतके सांगून आचार्य थांबत नाहीत. सहा वर्षांच्या मुलास नळी सहा अंगुळे लांब आणि तिचे भोक मुगाचा दाणा जाईल एवढे. बारा वर्षांच्यास आठ अंगुळे व वाटाण्याएवढे. विसाव्या वर्षापासून बारा अंगुळे व बोराएवढे, असे माप दिले आहे. नळी आखूड, जाड, फुटकी किंवा वाकडी असेल तर काय होते आणि पिशवी चिरलेली किंवा ओबडधोबड असेल तर काय होते, यासाठी एक सबंध अध्याय खर्ची घातला आहे. बस्ति चुकीची दिली गेली तर उद्भवणाऱ्या बारा व्यापदांसाठी आणखी एक. रोग्याचा दोष, देश, काळ, सवय, अग्नी, मनोबल, वय व शक्ती पाहिल्यावाचून नळीस हात लावू नये, ही अट वेगळीच.

आणि सर्वांत महत्त्वाचा तो दुसरा अध्याय. कोणास काय देऊ नये याची ही यादी आहे, आणि नुसती नावे नाहीत, प्रत्येक निषेधामागे कारण दिले आहे. अजीर्ण झालेला, भुकेला, तहानलेला, थकलेला, अतिकृश, नुकताच जेवलेला, नुकतेच पाणी प्यालेला, रागावलेला, भ्यालेला, नशेत असलेला, खोकला, दमा व उचकी यांनी गांजलेला, आतडे अडून पोट फुगलेला, आतड्यास छिद्र पडलेला, जलोदरी, पटकी किंवा आमातिसार झालेला, अकाली प्रसूत झालेली, कुष्ठी, आणि मधुमेही. या सर्वांस आस्थापन बस्ति वर्ज्य. वाचकांनी या यादीतील शेवटच्या शब्दावर क्षणभर थांबावे. ज्या शहरात मधुमेही नाही असे घर शोधावे लागेल, त्या शहरात 'प्राचीन आयुर्वेदिक पद्धती' म्हणून सरसकट सर्वांस आतडे धुण्याचे आमंत्रण देणारा मनुष्य चरकाचे नाव घेतो, परंतु चरकाचे ऐकत नाही.

पोट सपाट होण्याच्या प्रश्नाचे उत्तरही त्याच ग्रंथात आहे. विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात शरीरातील स्रोतसांची, म्हणजे वहनमार्गांची गणना केली आहे. पुरीषवह स्रोतसांचे मूळ पक्वाशय व स्थूलगुद येथे सांगितले आहे. मेदोवह स्रोतसांचे मूळ वृक्क व वपावहन येथे. वपा म्हणजे पोटातील आतड्यांवर पसरलेला चरबीचा पडदा. खाटकाच्या दुकानी ज्यांनी पाहिला असेल त्यांस तो ओळखता येईल. मळ एका मार्गाचा, मेद दुसऱ्या मार्गाचा. आमच्या भाषेत सांगावयाचे तर ही दोन निराळ्या न्यायालयांची अधिकारक्षेत्रे आहेत, आणि एकात दाखल केलेल्या अर्जावर दुसऱ्यात हुकूम होत नाही.

येथे प्रतिपक्षाचा एक मुद्दा खरा आहे, तो लपविणे योग्य होणार नाही. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलाच्या चिकित्सेत रूक्ष, उष्ण व तीक्ष्ण बस्ति सांगितल्या आहेत. मेद खरवडणारी ती लेखनबस्ति आजही वैद्य देतात. तेव्हा स्थौल्याशी बस्तीचा संबंधच नाही असे म्हणता येणार नाही. परंतु त्या बस्ति औषधी काढ्यांच्या आहेत, नुसत्या पाण्याच्या नव्हेत. आणि त्याच ठिकाणी त्यांच्या जोडीला काय काय आहे? पचावयास जड पण पोषणास हलका आहार, कोरडे उटणे, गुळवेल, नागरमोथा, त्रिफळा, ताक, मध, जव, आणि हळूहळू वाढवीत नेलेला व्यायाम, जागरण व चिंतन. दहा कलमांच्या करारातून एक कलम कापून घेऊन उरलेल्या नऊ कलमांचा लाभ मागणे कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही. ताक पिऊन, जव खाऊन आणि रोज घाम गाळून जो बारीक झाला, त्याच्या बारीकपणाचे श्रेय बस्तीला किती आणि जवाला किती, हे ठरविण्याचे साधन त्या काळी कोणापाशी नव्हते.

योगाची गोष्ट याहून मनोरंजक आहे. स्वात्मारामाची हठप्रदीपिका हा पंधराव्या शतकातला ग्रंथ. धौती, बस्ति, नेती, त्राटक, नौली व कपालभाती ही षट्कर्मे त्यात आहेत. बस्तीसाठी साधकाने नाभीपर्यंत पाण्यात उकिडवे बसून, नळी लावून, आकुंचनाने पाणी आत घ्यावे असे सांगितले आहे. पण ही कर्मे कोणी करावी? ज्याच्या ठायी मेद व कफ अधिक आहे त्याने. इतरांनी, ज्यांचे दोष समतोल आहेत त्यांनी, ती करू नयेत. म्हणजे येथेही आधी विधी, मग निषेध. आणि प्रकरण पुढे गेल्यावर ग्रंथकार एक अशी गोष्ट नमूद करतो की जी दुकानदारास मुळीच परवडणार नाही : कित्येक आचार्यांच्या मते प्राणायामानेच सर्व मळ सुकून जातात, त्यांस ही निराळी कर्मे मान्यच नाहीत. आपल्या विरुद्ध जाणारे मत आपल्याच ग्रंथात नोंदविण्याची ही प्रामाणिक रीत आज दुर्मिळ झाली आहे. गळ्यापर्यंत पाणी पिऊन ते अधोमार्गाने काढण्याचा वारिसार नावाचा प्रकार घेरण्डसंहितेत आहे. आजचे शंखप्रक्षालन ते हेच.

या क्रियांकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहणारा पहिला मनुष्य मराठीभाषी होता, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. जगन्नाथ गणेश गुणे, पुढे स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ साली गुजरातेत डभईस झाला. खानदेशात अमळनेरास त्यांनी शिक्षणाचे कार्य केले, मालसरचे परमहंस माधवदास यांच्यापाशी योग शिकले आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली. नौली करताना मोठ्या आतड्यात पाणी आपोआप कसे ओढले जाते, हा प्रश्न त्यांनी क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने सोडविला. त्या वेळी आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाखाली उतरतो असे मापाने दिसून आले. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. निष्कर्ष त्याच वर्षी सुरू झालेल्या 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की त्यांनी जे मोजले तेवढेच सांगितले. पाणी वर का चढते हे त्यांनी सिद्ध केले. त्यामुळे चरबी झडते असे ते मोजमाप सांगत नाही.

आपल्या कोंकणी घरांत हा विषय निराळ्या वाटेने आला. सुटीच्या दिवशी मुलांना एरंडेल पाजणारी आजी कोणत्या घरात नव्हती? त्यानंतर दिवसभर पेज. विरेचनानंतर पेया, मग विलेपी, मग कढण असा जो चढता आहारक्रम शास्त्रात आहे त्याची पहिली पायरी म्हणजे आपली पेजच; आजीला संस्कृत नाव ठाऊक नव्हते, इतकाच फरक. गोव्याच्या भूमीवर रेचकांची चर्चा छापून निघाली तीही जुनी आहे. १५३४ साली गोव्यात आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली तेथेच आपला संवादरूप ग्रंथ छापला, आणि निशोत्तर व बहावा या रेचक द्रव्यांवर त्यात स्वतंत्र संवाद घातले. या मनुष्याच्या अस्थी त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, इन्क्विझिशनने उकरून जाळल्या. धर्मशुद्धीच्या वेडाचे ते प्रकरण येथे अधिक वाढवीत नाही.

युरोपातही बस्तीचे स्तोम कमी नव्हते. मोल्येरच्या १६७३ सालच्या सुप्रसिद्ध प्रहसनाचा नायक पहिल्याच प्रवेशात औषधविक्याचे बिल तपासत बसलेला असतो, आणि त्या बिलात बस्तीच्या रकमा एकामागून एक येतात. तो त्या कापून कमी करतो. बस्ति घेणे मात्र सोडीत नाही. परंतु आजच्या जाहिरातीतील 'साचलेले विष' हा शब्दप्रयोग त्या काळचा नव्हे. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा आहे. रोग जंतूंपासून होतात हे तेव्हा नुकतेच कळले होते. मोठ्या आतड्यात असंख्य जंतू आहेत हेही कळले होते. मग तेथे मळ कुजून त्याचे विष रक्तात शिरत असले पाहिजे, हा तर्क सहज होता. १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे मेचनिकॉफ यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञ या मताचे होते. मोठे आतडे हे म्हातारपणाचे एक कारण असे मानून त्यांनी आंबवलेल्या दुधाचा पुरस्कार केला. त्यांच्या निष्कर्षाने आपल्या दहीभाताचे काहीच बिघडले नाही. पण लंडनचे शस्त्रवैद्य सर आर्बथनॉट लेन यांनी याच तर्काने माणसांची मोठी आतडी कापून काढण्यास आरंभ केला, तेव्हा प्रकरण गंभीर झाले. १९१३ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या विषयावर मोठा वाद झडला.

या तर्काचा निकाल कसा लागला ते सांगण्यासारखे आहे. १९१९ साली अमेरिकेत वॉल्टर अल्व्हारेझ यांनी साधी शंका काढली. मलावरोधाने डोके दुखणारा मनुष्य शौचास होताच मिनिटांत मोकळा होतो. विष रक्तात भिनले असते तर ते इतक्या लवकर उतरते काय? दारू प्यालेल्याची धुंदी बाटली फेकून दिल्याने उतरत नाही. १९२२ साली डोनाल्डसन यांनी प्रयोग केला. काही निरोगी माणसांनी मुद्दाम मळ रोखून धरला. त्यांस डोकेदुखी, सुस्ती व बेचैनी जाणवली. नंतर त्यांच्या मलाशयात मळाऐवजी स्वच्छ कापूस भरला. तीच लक्षणे. कापसात विष कोठून येणार? त्रास मलाशय ताणले गेल्याचा होता. अभियुक्त गुन्ह्याच्या वेळी घटनास्थळी नव्हताच असे सिद्ध झाले, आणि तरीही शंभर वर्षे त्याच्या नावाने वॉरंट निघत आहे!

महात्माजींचे उदाहरण दोन्ही बाजूंनी दिले जाते, म्हणून ते नीट पाहावे. आफ्रिकेत असताना त्यांस बद्धकोष्ठ व डोकेदुखी यांचा त्रास होता हे त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. सकाळची न्याहारी सोडल्याने डोकेदुखी गेली. बद्धकोष्ठावर प्रथम कूने यांची कटिस्नाने व पुढे आडोल्फ युस्ट यांच्या पुस्तकातील पोटावर मातीची पट्टी त्यांस लागू पडली. एनिमा हे त्यांच्या आश्रमातील नित्य परिचयाचे साधन होते, आणि १९४६ सालच्या मार्चमध्ये पुण्याजवळ उरुळीकांचन येथे त्यांनी ज्या निसर्गोपचाराचा पाया घातला तेथे मणिभाई देसाई यांनी पुढे आयुष्य वाहिले. परंतु १९२४ सालच्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात त्यांच्या पोटात कळ उठली, आणि निदान आंत्रपुच्छदाहाचे झाले, तेव्हा १२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या हातून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली व दिव्याच्या उजेडात ती पुरी करावी लागली. आंत्रपुच्छदाहात जुलाब किंवा बस्ति दिली तर सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्याचा संभव असतो. निसर्गोपचाराचा एवढा मोठा उपासकही योग्य वेळी अपवादाचे कलम ओळखून होता.

आता आमच्या इंदूरकडे येऊ. मळाविषयीचा एक मोलाचा धडा याच गावाने जगास दिला आहे. १९२४ साली येथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री स्थापन झाली. तेथे आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेण, काडीकचरा, माती व राख यांपासून तीनेक महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली. १९३१ साली दोघांच्या नावाने तिच्यावर पुस्तक निघाले. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. वाडांचे नाव मात्र इंदुरातही फारसे कोणी घेत नाही. त्या पद्धतीचे मर्म असे की काम माणूस करीत नाही, सूक्ष्म जीव करतात. माणसाने ओल, हवा आणि योग्य मिश्रण सांभाळावे.

मोठे आतडे हे बऱ्याच अंशी असेच ठिकाण आहे, फक्त तेथील जीव हवेवाचून काम करतात. सुमारे दीड मीटर लांबीच्या या नळीत रोज दीडेक लिटर पातळ द्रव येतो. त्यातील बहुतेक पाणी व क्षार परत शरीरात शोषले जातात आणि शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी मळाबरोबर बाहेर जाते. पालेभाज्या, कोंडा व डाळी यांचे जे तंतू आपण पचवू शकत नाही ते तेथील जंतू आंबवितात, आणि त्यातून निघणारी आम्ले आतड्याच्या अस्तराचे अन्न होतात. ते अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते. भिंतीला वर्षानुवर्षे चिकटून बसलेल्या मळाचे पापुद्रे जाहिरातीत दिसतात, आतडे दुर्बिणीने रोज पाहणाऱ्या वैद्यांना मात्र ते दिसत नाहीत. भिंतच दर आठवड्याला नवी होत असेल तर तिच्यावर दहा वर्षांचा पोपडा राहील कसा?

आणि चरबी? अन्नातील स्निग्धांश लहान आतड्यातच शोषला जातो. मोठ्या आतड्यात येईपर्यंत व्यवहार पुरा झालेला असतो. बस्तीचे पाणी पोचते ते मोठ्या आतड्यात. बँकेतून पैसे निघून गेल्यावर रिकाम्या तिजोरीला कुलूप घालण्याचा हा प्रकार आहे. सत्रानंतर काटा किलो-दीड किलो खाली येतो हे खरे. तो भार मळाचा व पाण्याचा, आणि दोन दिवसांच्या जेवणाने तो परत येतो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरींचा साठा; तो आतड्यात नाही, कातडीखाली आणि त्या वपेत आहे. पोट वायूने किंवा मलावरोधाने फुगलेले असेल तर शौचास साफ झाल्याने ते तेवढ्यापुरते उतरेल, हे मान्य. तो आराम खरा आहे. त्याला सडपातळपणा म्हणू नये.

धोक्याविषयी. वैद्यकात आतडे साफ करण्याची खरी प्रयोजने आहेत : दुर्बिणीने तपासणी करावयाची असता औषध देऊन ते रिकामे करतात, मळाचा खडा अडकला तर एनिमा देतात. परंतु निरोगी माणसाने सौंदर्यासाठी हे करावे यास आधार नाही, आणि अपाय नोंदलेले आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस एका चिकित्सालयात यंत्राने आतडे धुवून घेतलेल्या निदान ३६ जणांस अमिबाचा रोग झाला. दहा जणांचे मोठे आतडे काढावे लागले, सहा जण दगावले. नित्याप्रमाणे स्वच्छ केल्यानंतरही ते यंत्र दूषित आढळले. हा वृत्तान्त १९८२ साली छापला आहे. नळीने आतड्यास भोक पडणे हा दुसरा धोका. साधे पाणी फार शोषले गेल्याने रक्तातील सोडियम उतरणे हा तिसरा. मिठाच्या पाण्याचे ग्लासमागून ग्लास रिचविल्याने रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंड यांच्या रोग्यांस होणारा अपाय चौथा. आणि ज्याचा उल्लेख कोणी करीत नाही असा पाचवा : उतारवयात नव्याने सुरू झालेला मलावरोध, शौचावाटे रक्त, अकारण घटणारे वजन ही तपासणीची निकड सांगणारी लक्षणे आहेत. धुण्याच्या सत्रांत महिने गेले की तो वेळ परत मिळत नाही.

आमच्याकडे गेल्या वर्षी एक कुटुंब सल्ल्यास आले. ओळख पटेल असा तपशील येथे देत नाही. बासष्ट वर्षांची आई, मधुमेही, रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू. पोट उतरेल या आशेने तिने एका केंद्रात दहा सत्रांचे पैसे भरले. तिसऱ्या सत्राच्या रात्री ती असंबद्ध बोलू लागली. रुग्णालयात सोडियम फार उतरल्याचे आढळले. पाच दिवसांनी ती घरी आली. केंद्राने पुढे केला तो एक छापील कागद. त्यावर इंग्रजीत लिहिले होते की मला कोणताही गंभीर विकार नाही व परिणामांची जबाबदारी माझी आहे. खाली तिची मराठी सही. तिला इंग्रजी येत नाही. मधुमेह आहे काय, गोळ्या कोणत्या घेता, हे कोणी विचारले नव्हते.

संमती म्हणजे नुसती सही नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. उपचाराचे स्वरूप, लाभ, धोके व पर्याय रोग्यास समजेल असे सांगितले गेले पाहिजेत. जाहिरातींपुरता १९५४ सालचा औषधी द्रव्ये व जादूचे उपाय यांविषयीचा कायदा आहेच. १९५९ च्या डिसेंबरात हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा गाभा वैध ठरविला, परंतु रोगांची यादी नियमांनी हवी तशी वाढविण्याचा सरकारचा अधिकार रद्द केला. म्हणून १९६३ च्या दुरुस्तीने यादी कायद्याच्या परिशिष्टातच घालण्यात आली. त्या परिशिष्टात स्थूलता आहे. अमुक औषधाने स्थूलता जाते अशी जाहिरात करणे म्हणजे गुन्हा. चूर्णवाला यात सरळ सापडतो. यंत्राने पाणी सोडणारा आपण औषध विकतच नाही असा बचाव घेईल, व त्या बचावावर वाद होऊ शकतो. परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत सेवाही येते, तेव्हा तेथे त्याला ती पळवाट नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगापुढे करावी लागते. पावती, पत्रक, रुग्णालयाचे कागद आणि फोनवर आलेली जाहिरात जपून ठेवावी. ती जाहिरात पुसून टाकण्याची घाई बहुधा दुसऱ्या बाजूस असते.

चरकाच्या यादीचे कारण आम्ही त्या कुटुंबास याच संदर्भात वाचून दाखविले. त्या अध्यायात निषेध रोग्यास सांगितलेले नाहीत, वैद्यास सांगितले आहेत. भुकेला आहेस काय, नुकते पाणी प्यालास काय, मधुमेह आहे काय, हे विचारण्याचे ओझे नळी हातात धरणाऱ्यावर टाकले आहे. छापील कागदाने ते ओझे उचलून त्या बाईच्या पदरात घातले. केंद्राने आमच्या नोटिशीस दिलेल्या उत्तरात आपली पद्धती चरकसंमत असल्याचे म्हटले आहे. तेव्हा तक्रारीसोबत सिद्धिस्थानाचा दुसरा अध्याय सार्थ जोडला आहे, आणि मधुमेहाच्या शब्दाखाली रेघ मारली आहे.